पाताळशेठचा आवाज

...न्हाई, तुम्हीच सांगा मला, चाळीस वर्षं वरडलेला माणूस एका दिवसात गप कसा बसतो? आं? नळ बंद केला तरी चार थेंब गळतेत की! आणि हा माणूस मंगळवारी संध्याकाळपर्यंत चालू, बुधवारी सकाळी बंद! आणि मिलमधली सगळी लोकं माझ्या अंगावर... "उमाशंकर, अप्पाला काय झालं? उमाशंकर, तू विचार की. उमाशंकर, तुझं ऐकतेत ते." माझं ऐकतेत! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला गुरुलिंगअप्पाच्या डाळमिलमध्ये मशीन चालवायला, आणि बावीस वर्षांत अप्पानं माझं एक तरी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं असंल तर कान कापून देतो. अर्धं वाक्य झालं की, "कळलं! पुढं बोल!" आणि पुढं बोलावं तर, "कळलं म्हणलो ना!" आता म्हणं मी विचारू. काय विचारू? माणसाचं दुखायलंय कुठं ते मला माहीत हाय हो, लातूरच्या कुठल्या डॉक्टरला सापडायचं न्हाई ते.

तुम्हाला वाटंल अप्पा लई तापट. हितंच सगळे चुकतेत! अप्पा तापट न्हाईत, अप्पा डाळमिलवाले हायत. एमआयडीसीत आमची मिल, आत एकदा एलिवेटर, चाळण्या, रोलर, पॉलिशर सगळं सुरू झालं की शेजारी उभा असलेला माणूस मेला का जिवंत हाय ते हात लावून बघावं लागतं. तिथं हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. मग माणूस वरडतो. सकाळी आठपासून वरडतो. "ए मेल्या, चाळणी तुंबली की! ए भाड्या, पट्टा सरकलाय, डोळे का गोट्या?" आणि हे वरडणं म्हणजे राग न्हाई हो, हे निस्तं बोलणं! पण चाळीस वर्षांत घशाला तेवढंच वळण पडलं, आता मशीन बंद झाली तरी घसा बंद होईना. घरात जेवताना वरडणार, "मीठ दे!" देवळात वरडणार. कुणाच्या मयतीला भेटायला गेले तर "लई वाईट झालं!" असं वरडणार की पाळण्यातलं लेकरू दचकून रडायचं, आणि घरच्यांना वाटायचं, बघा, अप्पाला किती दुःख झालंय.

आणि त्यांचा पोरगा रविकिरण, एकटाच पोरगा, लहानपणापासून मऊ. हळू बोलणार. बापाचा आवाज आला की खांदे वर जायचे त्याचे, असे... कानापर्यंत. मी बघितलंय. अप्पानं कधी बघितलं न्हाई, अप्पाचं लक्ष चाळणीवर. पोरगा पुण्याला गेला, कॉम्प्युटर शिकला, तिथंच ऱ्हायला, गेम बनवतो म्हणं. अप्पा सगळ्यांना सांगायचे, "आमचा रवी इंजिनेर हाय!" कसला ते कुणी विचारू नये म्हणून पुढं लगेच, "कळलं ना!" आणि फोन यायचा रविवारी. बाप-लेकाचं बोलणं म्हणाल तर, "जेवलास का?" "हो." "पाऊस हाय का?" "आहे थोडा." "बरं, ठेव." झालं! आठवड्याचं प्रेम संपलं!

तर औशाला लग्न होतं. अप्पाच्या मेव्हण्याच्या पोरीचं. मी पण होतो, गाडी मीच चालवत गेलो ना. पंगत बसली, वाढपी पुढं निघून गेला आणि अप्पा आपले सवयीप्रमाणं, "ए! वरण वाढ की रे! मेलास का काय तिकडं?" एवढंच. वरण मागितलं हो माणसानं! तर समोरच्या पंगतीतली वीस-पंचवीस पोरं... हातातला घास हातात... सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. आणि एक वरडलं, "आरं, पाताळशेठ!" आणि आली की हो सगळी पळत, खरकट्या हातानं! "काका, काका, ते म्हणा ना एकदा! 'मरायचं तर मरा, पण चाळणी साफ करून मरा!' म्हणा ना काका!" आता हे वाक्य अप्पाचंच. रोज संध्याकाळी मिल बंद करायच्या टायमाला अप्पा हेच म्हणतेत आम्हाला, देवाच्या आरतीसारखं झालंय ते. पण औशाच्या पोरांना कसं माहीत? अप्पा म्हणले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर एका पोरानं मोबाईल पुढं केला.

घरी आल्यावर मंजुश्रीनं, म्हणजे अप्पाच्या धाकट्या पोरीनं, सगळं उलगडून सांगितलं. कॉलेजला हाय ती, बी.एस्सी. करायलीय. तिला आधीच ठाऊक होतं, पण बोलली नव्हती. गॅलरीत अप्पा खुर्चीवर, शिवगंगाकाकू, म्हणजे अप्पाची बायको, दारात, मी पायरीवर. म्हणाली, "अप्पा, ह्या गेममध्ये आपण हिरो नसतो. आपण व्हिलन असतो." अप्पा म्हणले, "व्हिलन? खेळणारा माणूस व्हिलन? मग जिंकायचं कुणी?" "व्हिलननंच. जमिनीखाली तळघर असतं, भुयारं असतेत, पाताळशेठ तिथला मालक. बारकी-बारकी भुतं त्याचे कामगार. ती भुयार खोदतेत, सापळे लावतेत. वरून हिरो येतेत तलवारी घेऊन, त्यांना सापळ्यात पाडून मारायचं." "आणि भुतं?" "भुतं पण मरतेत अप्पा. पण नवी मिळतेत." अप्पानं मोबाईल डोळ्याजवळ धरला. आता तुम्हाला सांगतो, मी वाकून बघितलं तर काय! तीच ढेरी. त्याच मिशा. खांद्यावर तोच टॉवेल. कानाला तीच पेन्सिल खोचलेली! डोळे तेवढे लाल. अप्पा म्हणले, "डोळे माझे लाल कधी असतेत गं?" मंजुश्री हळूच म्हणाली, "तूर भरडायच्या दिवसांत असतेत अप्पा. धुरळ्यानं."

आणि तोंड उघडलं की आवाज अप्पाचा! नक्कल न्हाई, खराच. मग मला आठवलं, मागच्या दिवाळीत रवी आठ दिवस आला होता तर मिलमध्ये एक कापसाच्या बोळ्यासारखा माइक घेऊन फिरायचा. अप्पाला कोण आनंद! "पोरगा धंद्यात लक्ष घालायलाय! मशीनचा आवाज भरून न्यायलाय, इंजिनेर हाय ना, आवाजावरून बिघाड सांगतेत ते लोक!" मशीनचा आवाज कुठला... बापाचा आवाज भरून नेला त्यानं, आणि पाताळात बसवला.

अप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं मोबाईलची काच पुसली. निस्तं म्हणले, "लोकं काय म्हणतेत ह्या शेठला?" मंजुश्री म्हणाली, "चार हजार तीनशे लोकांनी लिहिलंय अप्पा." "वाच."

आता त्या पोरीनं वाचलं, इंग्लिशमधलं मराठीत करून-करून वाचलं, आणि काय एकेक माणूस हो! पुण्याचा एकजण, त्याचा तर व्हिडिओच, "मंडळी! काय व्हिलन आहे मंडळी! अक्षरशः काटा आला अंगावर!" आणि काटा आला म्हणून हसतोय! नांदेडचा एकजण लिहितो, "भौ, कडक गेम. शेठ बोलला की आमच्या हॉस्टेलचा रेक्टर आठवायलाय. पाच तारे." एक अर्धापूरचा. तो गेम खेळतच न्हाई! लिहितो, "शेठचा आवाज रेकॉर्ड करून केळीच्या बागेत भोंग्यावर लावला, आठ दिवस झाले, एक रानडुक्कर फिरकलं न्हाई, डेव्हलपरचे आभार." तिकडं कुठल्या बर्फाच्या देशातला माणूस लिहितो, "भाषा कळत नाही, पण इतका क्रूर मालक मी पाहिला नाही." भाषा कळत न्हाई आणि क्रूर कळतं! अरे बाबा, तो तुझ्या बर्फात चाळणी साफ कर म्हणायलाय रे!

आम्ही हसलो. अप्पा पण थोडे हसले, खोटं का बोला. मग मंजुश्री पुढचं वाचता-वाचता थांबली. अप्पा म्हणले, "वाच की." म्हणाली, "न्हाई, हे तसंच हाय काहीतरी." "वाच म्हणलो ना!" मग वाचलं तिनं. कुणी एक मुलगी होती. "मला हा आवाज सहन होत नाही. आमच्या घरात असाच आवाज होता. मी गेम काढून टाकला. एक तारा." अप्पा म्हणले, "परत वाच." परत वाचलं. अप्पा म्हणले, "तिच्या बापाची कसली मिल होती?" मंजुश्री म्हणाली, "तसं काही लिहिलेलं न्हाई अप्पा." अप्पा म्हणले, "असंल. मिल असंल."

मग विचारलं, "आणि रवीनं काय लिहिलंय?" "अप्पा, ज्यानं गेम बनवला तो कसा लिहील?" "त्याला काय वाटतं ते कुठं तरी असंल की! एवढे लोक बोलायलेत!" न्हाई हो. शोधलं तिनं. तुम्हाला सांगतो, चार हजार तीनशे माणसं बोलली, पण ज्यानं बोलायचं तो बोलला न्हाई.

आणि बोलला न्हाई तेच बरं होतं असं म्हणायची पाळी आली! त्याच आठवड्यात, मंगळवारी, मंजुश्रीला एक व्हिडिओ सापडला, त्या पुण्याच्या काटेवाल्या पोरानं रवीला बोलावलेलं. दोघं खुर्चीत बसलेत, मागं निळे दिवे. तो विचारतो, "मित्रा, सगळ्यांना एकच प्रश्न आहे, हा आवाज कुणाचा? कुठून आणलास हा राक्षस?" आणि रवी... आमचा रवी... हसला जरा, मान खाली घातली आणि म्हणला, "असंच. गावाकडचा एक माणूस आहे."

गावाकडचा एक माणूस! आता राग मला यायला पाहिजे होता तेवढा आला. पण अप्पाला राग आलाच न्हाई! मी वाट बघायलो की आता वरडतील, आता वरडतील, वरडले की मोकळे होतील... अप्पानं मोबाईल मंजुश्रीला दिला, हळूच, काचेचं भांडं दिल्यासारखा, आणि आत जाऊन झोपले. आणि बुधवारी सकाळपासून हे असं! गप!

गप म्हणजे मुके न्हाई हो, हळू बोलायलेत. मिलमध्ये! आता चालू मशीनीपाशी अप्पा येतेत, ओठ हलतेत, आणि आम्ही सात जण त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. "काय म्हणलात अप्पा?" परत ओठ हलतेत. पहिल्याच दिवशी चाळणी तुंबली, कुणी वरडलंच न्हाई तर कुणाला कळणार? अख्खी डाळ कोंड्यात गेली. घरात शिवगंगाकाकू बेजार. एक दिवस मला म्हणाल्या, "उमाशंकर, मला बत्तीस वर्षांत एकदाही 'थोडं मीठ देतेस का' असं म्हणले न्हाईत हे. काल म्हणले. मी रात्रभर जागी हाय. माणसाचं काही बरंवाईट तर न्हाई ना व्हायचं?" आणि अप्पासमोर जाऊन उभ्या राहिल्या, "आवो, वरडा की एकदा! शिव्या द्या, पण वरडा!" अप्पा म्हणले, "कशाला उगं. लोकांना त्रास होतो."

लोकांना म्हणजे कुणाला, ते काकूंना कळलं. मला कळलं. मंजुश्री तर म्हणाली, "मी दादाला फोन करते, सांगते सगळं." अप्पानं हात धरला तिचा. "न्हाई. सांगून म्हणवून घ्यायचं नसतं ते." 

आणि मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, अप्पा मला म्हणतेत, "उम्या, तो गेम मला शिकव." म्हणलं, "अप्पा, मला कुठं येतो?" "मग शिकून ये." शिकलो बाबा, मंजुश्रीकडून. आणि बसले की हो अप्पा पोत्याच्या थप्पीला टेकून, चष्मा नाकावर, पाताळशेठ चालवायला! म्हणले, "बघू तर खरं, पोरानं मला कसला माणूस बनवलंय ते."

आता खेळ काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा भुतं कामाला लावायची, तर अप्पा म्हणले, "आधी ह्यांना जेवायला कुठं घालायचं?" होतं तसं बटण. पण जेवलेलं भूत सुस्त होतं, म्हणून खेळणारे ते बटण वापरतच न्हाईत म्हणं. अप्पानं सगळ्या भुतांना जेवू घातलं. सोमवारची सुट्टी कुठून द्यायची ते विचारलं, आमच्या मिलला सोमवारी सुट्टी असती ना, महादेवाचा वार. ते बटण नव्हतं, तर अप्पा नाराज. मग वरून हिरो आला, चिलखत घालून, तलवार घेऊन, दारात उभा! म्हणलं, "अप्पा, सापळा उघडा, सापळा!" तर म्हणतेत, "थांब रे. बघ त्याच्या डोक्यावर काय दाखवायलेत." काय दाखवायलेत, त्याची ताकद कमी झालीय, उपाशी हाय तो. अप्पा म्हणले, "आपल्या दारात आलेला माणूस उपाशी मारायचा का रे?" आणि भुतांच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं! त्या हिरोला वाट दिली! तुम्हाला सांगतो, तो जेवला पोटभर, ताकद एकदम शंभर, आणि उठून त्यानं एका दमात सगळं तळघर साफ केलं. अप्पा म्हणले, "जेवला तरी." परत खेळले. परत दार उघडलं. एकवीस वेळा हरले हो! एकवीस हिरो जेवू घातले आणि एकवीस वेळा स्वतः मेले! दासोह, म्हणजे मठातलं अन्नछत्र चालवलंय का गेम खेळायलेत? म्हणलं, "अप्पा, ह्यात वाईट वागायचं असतं, नियमच हाय तसा." तर म्हणले, "मला जमंना रे. रवीला कसं वाटलं की मला जमंल?"

आणि मग बाविसाव्या वेळेला ते झालं. आतापर्यंत आम्ही आवाज बंद करून खेळत होतो, बाजूला कामाची पोरं झोपलेली म्हणून. त्या दिवशी मी चालू केला. हिरोनं पहिलं भूत मारलं, आणि मोबाईलमधून... "उम्याऽऽ! अरे उम्याऽऽ!"

मी उठूनच उभा राहिलो. माझं नाव हो ते! अप्पाचा आवाज, पण असा फाटलेला, असा रडका, की तो अप्पाचा हाय म्हणायला जीभ वळंना. दुसरं भूत मेलं. परत, "उम्याऽऽ!" आणि तुम्हाला सांगतो, ते मेलेलं भूत एका पायानं लंगडत होतं. माझ्यासारखं.

कारण त्याच दिवाळीत, रवी माइक घेऊन फिरायचा त्याच दिवसांत, गोदामात तुरीच्या पोत्यांची थप्पी माझ्या अंगावर पडली होती. पाय तेव्हापासून जरा अधू हाय माझा. मला काही आठवत न्हाई, अंधार झाला ते आठवतं. नंतर लोकांनी सांगितलं की अप्पानं एकट्यानं पोती ओढली, नखं उलटली बोटांची. पण वरडले कसे ते कुणी सांगितलं नव्हतं. अप्पानं मोबाईल खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, "उम्या, मी असा वरडलो होतो?" म्हणलं, "मी तर खाली होतो अप्पा. पण... असंल." अप्पा म्हणले, "मग रवीनं हे कशाला ठेवलं असंल त्यात?" म्हणलं, "विचारा की." म्हणले, "फोनवर?"

मंजुश्रीनं नंतर वाचून दाखवलं, सगळ्यात जास्त भांडणं ह्या एकाच आवाजावरून लागलेली! अर्धे म्हणतेत, "खलनायक असून रडतो कसला? एक भूत मेलं की गळा काढतो, मला भुतं बळी द्यायचा धीरच होत नाही, गेम बिघडलाय, काढा तो रडका आवाज!" अर्धे म्हणतेत, "त्या हाकेसाठीच खेळतो." कुणी परदेशी बाई लिहिते की त्यांच्याकडं आता भुतांना उम्याच म्हणतेत सगळे. माझं नाव सातासमुद्रापार गेलं, भूत म्हणून! एकजण लिहितो, "ज्याने हे बनवलं, त्याला हा माणूस आवडतो की त्याची भीती वाटते, काही केल्या कळत नाही." हे ऐकलं आणि अप्पा पटकन म्हणले, "हेच! हेच विचारतोय ना मी! त्याला उत्तर दिलं का कुणी?" न्हाई. त्याच्याखाली सगळे बोलले, भांडले, एकमेकांच्या आयांपर्यंत गेले, पण ज्यानं बोलायचं तो बोलला न्हाई.

तेव्हा अप्पानं ठरवलं. म्हणले, "मंजू, मी बी खेळलोय ना? बावीस वेळा हरलोय. मग मला बी लिहायचा हक्क हाय. लिही." ती मोबाईल घेऊन बसली आणि अप्पा सांगू लागले, हळू, एकेक शब्द. "गेम चांगला हाय. चित्रं स्वच्छ हायत. पाताळशेठ वाईट न्हाई. त्याचा आवाज मोठा हाय. मशीन चालू असती म्हणून. मशीन बंद झाल्यावर कसं बोलायचं ते त्याला कुणी शिकवलं न्हाई. त्याच्या बापाची बी मिलच होती. त्याला एक पोरगा हाय. पोरगा दचकायचा ते शेठला दिसलं न्हाई, शेठ चाळणीकडं बघत होता. दिसलं असतं तर..." इथं अप्पानं कानाची पेन्सिल काढून हातात धरली, "...दिसलं असतं तर मी मशीन बंद केली असती रे." मंजुश्री लिहिता-लिहिता रडायली. काकू आत गेल्या. मी आपला पायरीवरचा खडा उचलून बघायलो, जसं काय सोनं सापडलंय त्यात. मंजुश्री म्हणाली, "किती तारे देऊ अप्पा?" "पाच. पोराचं काम हाय, कमी कशाला?" "आणि खेळाडूचं नाव?" अप्पा म्हणले, "लिही, गावाकडचा एक माणूस."

झालं. आता वाट! सकाळी मिलमध्ये आले की, "मंजूचा फोन आला का?" दुपारी, "आला का?" तिसऱ्या दिवशी मंजुश्री स्वतःच मिलमध्ये आली, स्कूटीवर. "अप्पा, उत्तर आलंय. गेमवाल्यांकडून." अप्पानं काय केलं असंल? मुख्य बटण दाबलं आणि मिल बंद केली! भर दुपारी, चालू माल असताना! चाळीस वर्षांत झालं न्हाई ते. सगळीकडं एकदम शांत. धुरळा खाली बसायचा आवाज आला असता. "वाच."

ती वाचंना. मीच घेतला मोबाईल. "प्रिय खेळाडू, आपल्या मोलाच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. पाताळशेठचा आवाज मोठा असल्याबद्दल बऱ्याच तक्रारी आल्या आहेत. नव्या अपडेटमध्ये ही अडचण दूर करण्यात आली आहे. खेळत राहा, मजा करा!"

मंजुश्री म्हणाली, "अप्पा, हे दादानं लिहिलेलं न्हाई हो. त्यानं बघितलं बी नसंल. असली उत्तरं कंपनीत मशीन लिहिती." अप्पा म्हणले, "मशीन?" आणि थोडं हसले. "तिथं बी मशीनच चालू हाय म्हणा की." आणि स्वतःच्या हातानं मिल परत सुरू केली.

आणि अपडेट आलं की हो! आता पाताळशेठ कसा बोलतो ऐका... कुणीतरी गोड गळ्याचा नट आणलाय, "मित्रांनो, कृपया चाळणी स्वच्छ ठेवा." कृपया! आणि भूत मेलं की म्हणतो, "अरेरे." बस! माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर चाळीस पोती पडली आणि हा म्हणतो अरेरे! लोकं खवळली. नांदेडचा तो म्हणतो, "भौ, हा शेठ हाय का बँकेचा साहेब?" अर्धापूरच्या त्या केळीवाल्यानं लिहिलं, "नवा आवाज भोंग्यावर लावला, डुकरं बसून ऐकायलीत." हजारो लोकांनी लिहिलं, जुना शेठ परत द्या, जुना शेठ परत द्या. मंजुश्री अप्पाला वाचून दाखवायची, तेवढंच बरं वाटंल म्हणून. अप्पा म्हणले, "चांगली माणसं हायत. पण मंजू, त्यांनी परत बोलावून मी कुठं जाऊ?" आता सांगा... सगळं जग ये म्हणायलंय, पण ज्यानं बोलायचं तो बोलंना.

परवा रविवारी फोन आला रवीचा. मी तिथंच होतो, चहा घेत. अप्पानं फोन कानाला लावला. "जेवलास का?" हळू. एकदम हळू. तिकडून रवी, "हॅलो? अप्पा?" अप्पा परत, तसंच हळू, "जेवलास का म्हणलं." रवी म्हणतो, मला बाहेर ऐकू आलं, "अप्पा, तुमचा आवाज येत नाहीये. बरं आहे ना तुम्हाला? जरा मोठ्यानं बोला ना."

मोठ्यानं बोला ना! मी कप खाली ठेवला. काकू दारात आल्या. म्हणलं, आता... आता बोलतील, आता सगळं बाहेर येईल, पोरगा मागतोय आवाज, स्वतःच्या तोंडानं मागतोय! अप्पाच्या गळ्याची शीर वर आली, तोंड उघडलं... आणि परत मिटलं. आणि फोनला तोंड लावून, लेकराच्या कानात बोलल्यासारखं म्हणले, "नव्या अपडेटमध्ये एवढाच येतो बाळा."

आणि तिकडून रवी म्हणला, "काय? काहीच ऐकू येईना. रेंज नाही वाटतं अप्पा, ठेवतो हां."